श्रीधरपंतांचं पडणं

‘‘वहिनी, यंदा मी चार पुस्तकं पडणार!’’

आमच्या शेजारचे श्रीधरपंत दर पाडव्याला सकाळी दारात उभे राहून हे असं जाहीर करत. मी गुढीला गाठी बांधत असे. हातातलं काम न थांबवता मी म्हणे, ‘‘पडा, पण जपून पडा.’’

नवीन माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. बंगालीत वाचण्याला ‘पोडा’ म्हणतात, आणि धपकन पडण्यालाही ‘पोडा’च म्हणतात. श्रीधरपंतांचे आजोबा कलकत्त्याला आले होते. वडील इथंच वाढले, हेही इथंच. शाळा बंगाली, मित्र बंगाली. मराठी घरात बोलायचे तेवढंच, तेही निम्मं बंगालीच्या वळणानं. त्यामुळे बाकी सगळं जग पुस्तक वाचत असे, आणि श्रीधरपंत पुस्तक पडत.

मी मराठी चौथी शिकलेली. पंचांग वाचते, पुण्याहून आठ दिवसांनी येणारं वर्तमानपत्र वाचते, बाकी मला पुस्तकांचं वेड नाही. पण चुकीचा शब्द मला खपत नाही. मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल, ‘‘अहो, वाचणार म्हणा.’’ ते मान हलवत आणि म्हणत, ‘‘बरोबर. तर हे पडून झालं, की दुसरं पडणार.’’

त्यांचे बेतही काही साधे नसत. ‘‘एक जाड, दोन मध्यम, आणि एक न समजणारं.’’

‘‘न समजणारं कशाला?’’

‘‘ऐका तरी, वहिनी. वर्षातून एक न समजणारं पुस्तक पडावंच. माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं.’’

हे न समजणारं पुस्तक मात्र ते सगळ्यांत आधी संपवत. मध्यम पुस्तकं रेंगाळत. मग तीनेक आठवड्यांनी बंगाल्यांचं नवं वर्ष येई, आणि हे नव्यानं बेत करत. इंग्रजी जानेवारीत पुन्हा एकदा. तीन-तीन नवी वर्षं पाळणारा हा एकच माणूस मी पाहिला. एक बेत मोडला, की दुसरं वर्ष तयारच.

नोकरी बागबाजारच्या एका शाळेत गणित शिकवण्याची. मराठे येतील या धास्तीनं जिथं लोकांनी एके काळी खंदक खणला, तिथंच हा मराठी माणूस पोरांना त्रैराशिक शिकवत होता. पोरं मागं त्यांना ‘बर्गी’ म्हणत. बर्गी म्हणजे लुटारू मराठा. श्रीधरपंतांना ते ठाऊक होतं. ते म्हणत, ‘‘खडूचे तुकडे सोडून मी काही लुटलं नाही.’’

आम्ही राहायचो भवानीपुरात. तिथून बागबाजार म्हणजे कलकत्त्याचं दुसरं टोक. ट्रॅममध्ये वाचन चाले, उतरल्यावर रस्त्यातही चाले. एकदा गुडघा फोडून आले. धोतराला सगळा चिखल.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘पडता पडता पडलो, वहिनी.’’

मी हळद लावली आणि हसले. हसू नये म्हणून तोंड फिरवणाऱ्यांतली मी नाही.

त्यांची बायको इंदू वाईची. मोठी वाचणारी होती. उमा दहा वर्षांची असताना ती गेली. पुढं उमा निम्मी माझ्या स्वयंपाकघरात वाढली. पोरीचं मराठी मी हयगय न करता घासून काढलं. आणि वाचनाचं वेड तिला दोन्हीकडून आलेलं.

उमा वीस वर्षांची झाली, तेव्हा आमच्या यांनी एक स्थळ आणलं. आमचे हे गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत. ओळखीतून कळलं, की फोर्ट विल्यममध्ये हिशेबाच्या कामाला एक मराठी मुलगा आहे, नागपूरचा, दोन वर्षं इथं काढलेली. मुलगा चांगला होता. उमानं त्याला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पाहिलं होतं, आणि तिची ना नव्हती. एवढ्या मोठ्या शहरात मराठी घरं मोजकी, त्यात मनासारखं स्थळ. श्रीधरपंतांची झोप उडाली होती. ‘‘हे जमलं पाहिजे, वहिनी. घरात बाईमाणूस नाही, म्हणून माझ्या पोरीचं काही अडायला नको.’’

म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी ठेवला. मुलगा, त्याचे आईवडील, असे तिघं आले. मी आत पोह्यांना फोडणी देत होते. बाहेर आमचे हे आणि श्रीधरपंत. उमा मान खाली घालून बसलेली, हातात काहीतरी हवं म्हणून एक पुस्तक.

मुलाच्या आईनं विचारलं, ‘‘मुलीला आवड कशाची?’’

झालं. नेमका हाच प्रश्न.

‘‘पडण्याची!’’ श्रीधरपंत खुलले. ‘‘लहानपणापासून फार पडते.’’

‘‘पडते?’’

‘‘कुठंही. जिन्यात पडते, गच्चीवर पडते. ट्रॅममध्ये जागा नसली तर उभ्याउभ्या पडते.’’

मी आतून ऐकत होते. झारा हातात, कढई चुलीवर, पोहे लागायच्या बेतात. आमचे हे काही बोलतील म्हटलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. अवघड वेळेला ते नेहमी खिडकीतून बाहेर बघतात.

मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, ‘‘काही औषध वगैरे?’’

‘‘औषध कशाला? चांगलीच गोष्ट आहे. मीच उत्तेजन देतो. तिची आईसुद्धा फार पडायची. तिच्यावरच गेलीय.’’

‘‘अगंबाई!’’

‘‘आणि यंदा तर तिनं पाडव्यालाच ठरवलंय. महिन्याला एक तरी पडायचंच. मोठं असलं तर आठ-आठ दिवस पडते. कधी शेवटी रडते. मी म्हणतो, रडून घे आणि दुसरं पड.’’

मुलगा रुमालात तोंड घालून बसला होता. उमाला हसू आवरेना. मान खालीच, पण खांदे गदगदा हलायला लागले. मुलाच्या आईला वाटलं, आलंच! ती पदर सावरून उठली. ‘‘अहो, कांदा आणा कुणीतरी! नाकाला लावा!’’

मी झारा घेऊन तशीच बाहेर धावले. ‘‘अहो, वाचते हो ती, वाचते!’’

‘‘दर वेळी वाचते, ही देवाची कृपाच,’’ ती बाई म्हणाली. ‘‘पण एखाद्या वेळी नाही वाचली तर आम्ही काय करायचं?’’

आता मात्र मी कपाळाला हात लावला. उमाच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि त्या बाईच्या मांडीवर आपटलं. ‘‘हे! हे वाचते. पुस्तकं. इथं वाचण्याला पडणं म्हणतात. पोरगी चांगली धडधाकट आहे, माझ्यासमोर वाढलीय.’’

मग मुलाचे वडील जे हसायला लागले, ते चहा सांडेपर्यंत हसले. मी मुलाला विचारलं, ‘‘तू दोन वर्षं इथं आहेस. तुला कळलं होतं ना?’’

‘‘पहिल्याच वाक्याला,’’ तो म्हणाला.

‘‘मग गप्प का बसलास?’’

‘‘ऐकायला बरं वाटत होतं, काकू.’’

लबाड. पण उमानं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या लेखी लग्न तिथंच ठरलं. मुलाच्या आईनं जाताना पोरीच्या हातावर नारळ ठेवला आणि पुढच्या महिन्यात याद्या करू म्हणाली.

मंडळी गेली. हे त्यांना ट्रॅमपर्यंत पोचवायला गेले, उमा आत भांडी विसळायला. श्रीधरपंत तसेच खुर्चीत बसून होते. त्यांच्यापुढची बशी तशीच भरलेली. मी त्यांना सोडलं नाही.

‘‘श्रीधरपंत, एका शब्दापायी पोरीचं लग्न मोडत होतं. वाचणे म्हणायला तुमची जीभ झडते का?’’

त्यांनी बशी जरा दूर सारली. मग म्हणाले, ‘‘येतो मला तो शब्द. इंदूनंच शिकवला. मी पडतो म्हटलं, की ती वाचतो म्हणायची. लग्न झाल्यापासून सुधारत होती. शेवटी शेवटी जमायला लागलं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘ती आजारी होती तेव्हा तुमच्या यांनी तो मराठी डॉक्टर आणला होता. आठवतं?’’

‘‘आठवतं.’’

‘‘तो मला बाहेर नेऊन म्हणाला, यांचं वाचणं आता कठीण दिसतं. मला वाटलं, डोळे अशक्त झाले असतील. त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिनं मला शिकवलाच नव्हता, वहिनी. कधी गरज पडली नव्हती. मी म्हटलं, त्यात काय, मी वाचून दाखवीन. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. मी आत जाऊन तिलाही तेच सांगितलं. म्हटलं, डॉक्टर म्हणतात तुझं वाचणं कठीण आहे, तर आजपासून मी वाचतो.’’

‘‘ती काय म्हणाली?’’

‘‘हसली. म्हणाली, वाचा. पहिल्यांदाच तिनं माझी चूक सुधारली नाही.’’

आत उमा गाणं गुणगुणत भांडी विसळत होती. श्रीधरपंत तिकडे कान देऊन बसले. चेहरा बरा दिसत होता त्यांचा, अगदी स्वस्थ.

मी बशी त्यांच्याकडे सरकवली.

‘‘पोहे खा. गार झालेत, पण खा.’’

त्यांनी एक घास घेतला. ‘‘लिंबू आहे, वहिनी?’’

लिंबू होतं. मीच पिळून दिलं.