कलम सात आणि 'कोणीही'

आपल्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही, असं पंडित छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरंच होतं. छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करायचा. म्हणूनच सगळे त्याला पंडित म्हणत. आता असा माणूस भाडेकरार न वाचता सही करेल? छे! त्याने दोनदा वाचला. सातव्या कलमात लिहिलं होतं, 'घरमालक तपासणीसाठी केव्हाही, न कळवता, घरात प्रवेष करु शकेल.' पंडितने 'प्रवेष'चा 'प्रवेश' केला, 'करु'चा 'करू' केला, समाधानाने मान हलवली आणि खाली सही ठोकली!

त्या वाक्याचा अर्थ त्याला चौथ्या दिवशी कळला.

घरमालक खाली राहायचे, हे नवरा-बायको वर. रस्त्याकडचं दार दोघांत एकच. मालकांची उभी हयात पाणीखात्यात, लोकांच्या घरांत शिरून गळके नळ शोधण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे, म्हणून गल्लीत त्यांचं नाव नळकाका. आपल्याजवळच्या किल्लीने वरचं दार उघडायचं, थेट स्वयंपाकघर गाठायचं आणि नळाला कान लावायचा! माणूस मनाने वाईट नव्हता. पण पंडितची बायको नर्स, आणि तिला कायमची रात्रपाळी. सकाळी पावणेनऊला घरी येऊन ती अंग टाकायची. एकदा तिला जाग आली ती पान्याच्या खणखणाटाने. एकदा आली ती, "ताई, तुम्ही झोपा हो, मी फक्त फ्लश बघतोय," या वाक्याने. तिसऱ्यांदा काका पलंगाखाली ओल बघत होते, आणि ती पलंगावर होती!

वर्ष कसंबसं सरलं. नवा करार करायची वेळ आली तेव्हा ती पंडितच्या समोर येऊन बसली. डोळे लालभडक झाले होते.

"ऐक. काल मी एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांची गोळी देणार होते. हातात घेतली होती मी. अशी झोप मोडत राहिली तर एक दिवस खरंच देईन. ते कलम जाईल, नाहीतर मी आईकडे जाईन."

पंडितने जुना करार समोर ओढला. आणि मग त्याने कंबर कसली.

"कलम आता मी लिहितो! असं लिहितो की काकांना पळवाट सापडायची नाही!"

"साधंच लिही."

"साधं काय, कोणीही लिहील!"

तीन संध्याकाळी तो लिहीत होता. 'घरमालकाने येऊ नये' हे त्याला उद्धट वाटलं. शिवाय काका स्वतः न येता पुतण्याला पाठवतील, त्याचं काय? मग प्लंबर, मग प्लंबरचा मेव्हणा! शेवटी वाक्य जमलं : 'चोवीस तास आधी लेखी सूचना दिल्याशिवाय कोणीही सदर घरात प्रवेश करणार नाही.'

"कोणीही!" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "एका शब्दात सगळी भावकी बाहेर!"

ती कामावर निघाली होती. "बरं," म्हणाली आणि चपला घालून गेली.

काका भांडतील म्हणून पंडितने आरशासमोर उभं राहून तयारी केली होती. पण काकांनी चष्मा लावला, कलम तीनदा वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "झकास लिहिलंय. कुठं करू सही?" पंडितला तिथेच शंका यायला हवी होती. पण तो स्वल्पविराम बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला छापखान्यात फोन वाजला.

"मी दारात उभी आहे," बायको म्हणाली.

"मग जा ना आत."

"काका सोडत नाहीत. रस्त्याकडच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत. लेखी सूचना कुठंय, म्हणतात."

"कसली सूचना?"

"कोणीही, म्हणे. त्यात आपणही आलो म्हणे!"

पंडित हातातलं मुद्रित तसंच घेऊन धावत सुटला. घरी पोचला तर ती पायरीवर बसलेली, मांडीवर पर्स, भिंतीला डोकं टेकून पेंगतेय. आणि शेजारी काका, मांडीवर करार!

"काका, हे काय चाललंय?"

"अंमलबजावणी! शब्द तुमचा आहे, पंडित. कलम मोडलंत तर कलम बारा लागू, आठ दिवसांत घर खाली. नाहीतर जुनं सातवं परत घालू. मी काही आडमुठा नाही."

पंडितने मुद्रिताच्या पाठीवर तिथल्या तिथे सूचना लिहिली : 'आम्ही उभयता घरी येऊ इच्छितो.' काकांनी घड्याळ बघितलं, 'पोचली, नऊ वीस' असा शेरा मारला आणि म्हणाले, "छान. उद्या नऊ वीसला या."

पंडितची कानशिलं तापली. त्याने करार ओढून घेतला, पायरीवर बसला आणि जन्मात पहिल्यांदाच एक कागद अर्थासाठी वाचायला लागला. बोट ठेवून, ओठ हलवत, ऱ्हस्व-दीर्घाकडे न बघता! फार लांब जावंच लागलं नाही. कलम एक : 'सदर घर म्हणजे रस्त्याकडील दारापासून गच्चीपर्यंतची संपूर्ण वास्तू.' जिन्यात कोणी खिळे ठोकू नयेत म्हणून काकांनी ते स्वतःच घातलं होतं.

"काका, तुम्ही राहता कुठं?"

"खाली. हे काय विचारणं झालं?"

"म्हणजे या दाराच्या आत."

"अर्थात!"

"आणि आत्ता बसलाय बाहेर."

काकांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला.

"दूध!" काका उठून धावले. पंडित दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"सूचना?"

"अहो, पातेलं जळतंय!"

"चोवीस तास!"

"माझं घर आहे हे!"

"आमचंही आहे!" पंडित ओरडला. "आमचंही घर आहे, काका! ती दमून येते आणि तुम्ही नळ ठोकत बसता!" आयुष्यात तो एवढा कधी ओरडला नव्हता. त्याचा आवाज चिरकला, पण हात काही खाली आले नाहीत.

"गप्प बसा दोघंही!" वॉर्डातल्या आवाजात ती कडाडली. पेन काढलं, सातवं कलम खोडलं आणि बाजूला लिहिलं : 'वरच्या दाराची बेल एकदाच वाजवावी. दार उघडलं तर आत यावं. नाही उघडलं तर परत जावं.'

"हे कोणाला लागू?" काकांनी नाक दाबून विचारलं.

"सगळ्यांना," ती जांभई देत म्हणाली.

काकांनी भिंतीवर कागद धरून सही केली, वरची किल्ली तिच्या हातात कोंबली आणि आत पळाले. पंडितनेही सही केली. ती जिना चढून वर गेली.

पंडितने काकांच्या खिडक्या उघडल्या, पातेलं घासून दिलं, छापखान्याला अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि मग छाती पुढे काढून वर आला. आता चहा करायचा आणि आपल्या घरात निवांत बसायचं! त्याने किल्ली फिरवली. दार हललं नाही. आतून कडी होती.

त्याने बेल वाजवली आणि वाट बघितली. पुन्हा बेलकडे गेलेलं बोट मात्र वाटेतच थांबलं. आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं, एका लयीत, वर्षभरात प्रथमच. पंडितचे डोळे भरून आले. तो जिन्यात बसला.

थोड्या वेळाने काका खुर्ची घेऊन वर आले.

"बसा. पाठ धरेल."

"किती वेळ बसावं लागतंय कोण जाणे."

"तीनपर्यंत," काका सहज म्हणाले. "पावणेतीनला कूस बदलतात, तीनला उठतात. उठल्यावर आधी दोन पेले पाणी."

पंडितने डोळे वटारले. काय हा आगाऊपणा! खडसावायलाच हवं होतं! पण काकांनी पाठीला उशीही आणली होती. तो खुर्चीत टेकला आणि एवढंच म्हणाला, "हळू बोला काका, ती झोपलीये."