ससा आ करतो

सशाला तोंड नाही, ही गोष्ट शनिवारी सकाळी उघडकीला आली. तोंडाच्या जागी लाल दोऱ्याची एक रेघ होती आणि ती हसरी होती, म्हणून आजवर कुणाला शंका आली नव्हती. पण त्या दिवशी दुपारी भिंगरीला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि तिच्या बाबाच्या मते तिच्या आधी सशाने आ करणं फार गरजेचं होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. भीती म्हणजे माहितीचा तुटवडा, असं त्याचं ठाम मत. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की हा बाहेर उभा राहून तारा, ब्रेक आणि मोटर यांचं सगळं काम त्यांना समजावून सांगायचा. आतली माणसं शांत व्हायची, निदान ओरडायची थांबायची. आणि दुरुस्ती झाल्यावर आधी वाळूची पोती चढवून लिफ्ट वर-खाली करून बघायची, माणसं नंतर, हा त्याच्या धंद्याचा नियम होता. घरात वाळूचं पोतं नव्हतं. ससा होता.

एवढी तयारी करायला कारणही तसंच होतं. भिंगरीची आई परदेशातल्या एका रुग्णालयात नर्स होती. दाढेवरचा काळा ठिपका तिनेच फोनवर, भिंगरी खदाखदा हसत असताना हेरला होता. "लगेच दाखवून घे," ती बाबाला म्हणाली, "पण तिला रडू देऊ नकोस. ती रडली असं कळलं ना, तर मला इथे राहवणार नाही." करार संपायला अजून सहा महिने होते. तिने इथे असावं असं बाबाला सकाळी चहा टाकताना वाटायचं, दुपारी डबा उघडताना वाटायचं, आणि संध्याकाळी कुलूप काढताना तर फारच वाटायचं. पण ते पोरीच्या रडण्यापायी व्हावं असं नव्हतं. म्हणून त्याने शब्द दिला होता.

"बाबा, हा आ करत नाहीये," भिंगरी म्हणाली.

"घाबरला असेल."

"घाबरला नाहीये. त्याला तोंडच नाहीये."

बंद पडलेली वस्तू उघडून बघायची, ही बाबाची जुनी खोड. त्याने नखं कापायची कात्री आणली आणि लाल रेघेचे टाके एकेक करून तोडले. ती रेघ म्हणजेच शिवण होती; ससा आ करून बसला. बाबाने सशाला आरसा दाखवला, विजेरी दाखवली, डॉक्टरची खुर्ची मोटरवर कशी वर जाते ते सांगितलं. सगळं अगदी नियमाप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात सशाच्या तोंडातून पिवळ्या कापडाचं एक टोक बाहेर आलं.

भिंगरीने नाक लावलं आणि म्हणाली, "आईचा वास येतोय."

"कापसाचा असेल," म्हणत बाबाने वास घेतला, आणि ते टोक उजेडात धरलं. पिवळ्यावर पांढरी फुलं. तिचा गाऊन. जाण्याच्या आदल्या दिवशी ती घाईघाईने ससा शिवत बसली होती, तेव्हा आत काय भरते आहे हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. ती गेल्यावर त्याने हाच गाऊन कपाटभर धुंडाळला होता. सापडला असता तर उशीखाली ठेवला असता, पण हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. गाऊन ती घेऊन गेली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्याच शोधात त्याचा स्वतःचा चौकड्यांचा जुना शर्टही नाहीसा झाल्याचं कळलं होतं. त्याचं खापर मात्र त्याने थोरल्या बहिणीवर फोडलं होतं, कारण ती आली की जुन्या कपड्यांची फडकी करायची.

भिंगरीला ते कापड हवं होतं. थोडंसंच, ती म्हणाली. बाबाने चिमट्याने थोडंसंच ओढलं. एक पट्टी निघाली, तिच्यामागे दुसरी, मग दोघांनाही थांबवेना. आईने गाऊनच्या पट्ट्या करून ठासून भरल्या होत्या. पोट रिकामं झालं, पाय रिकामे झाले, आणि शेवटी फरशीवर पट्ट्यांचा ढीग आणि बाजूला सशाचं नुसतं कातडं उरलं. मग भिंगरीच्या लक्षात आलं की ससा उरलाच नाही, आणि तिचा खालचा ओठ बाहेर येऊ लागला. डॉक्टरकडे पोचायच्या आतच शब्द मोडायची वेळ आली होती.

अशा वेळी आत्या, म्हणजे बाबाची तीच थोरली बहीण, आली. दोघांच्या सोबतीला म्हणून ती येणारच होती. तिने दारातून ढिगाकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि चपला काढता काढताच त्याची खरडपट्टी काढायला सुरुवात केली. लिफ्ट उघडायची सोडून हा पोरीचा ससा उघडून बसला, एवढ्या एका वाक्याचे तिने अनेक प्रकार करून दाखवले. मग पदर खोचून ती सशाच्या मागे लागली. पट्ट्या भिंगरीने गालाशी घट्ट धरून ठेवल्या होत्या. म्हणून आत्याने आधी बाबाचे मोजे भरून पाहिले. भिंगरीने वास घेऊन ससा परत केला. पट्ट्याच पाहिजेत, ती म्हणाली.

पण एकदा काढलेलं सामान पुन्हा तसंच कुठे बसतं? सहा महिने दाबून बसलेल्या पट्ट्या आता फुलल्या होत्या. तोंडातून आत गेलेलं सगळं एकाच गालात जाऊन साठलं आणि गाल टम्म सुजला. आत्याने वरून फडकं बांधलं. दाढदुखीने रात्रभर न झोपलेला माणूस दिसतो, तसा ससा दिसू लागला.

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून चपला घालू लागली. "चला लवकर," ती म्हणाली, "त्याला किती दुखतंय."

बाबाला वाटलं, आपली पद्धत अखेर लागू पडली. त्याने आत्याकडे मान ताठ करून बघितलं. ती मागच्या दाराची कडी लावायला वळल्यावर त्याने फरशीवर राहिलेली एक पट्टी उचलून गुपचूप शर्टाच्या खिशात टाकली. कुणाच्या लक्षात येणार नाही, असं त्याला वाटलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. बाबा खुर्चीच्या पायथ्याशी वाकून मोटरचा आवाज ऐकू लागला, तेव्हा त्यांनी पेशंट नक्की कोण, असं विचारलं. भिंगरीने ससा पुढे केला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, दिवा लावला, तोंडात आरसा घातला.

"गालात काय आहे याच्या?"

"आई," भिंगरी म्हणाली.

 डॉक्टरबाईंनी बाबाकडे बघितलं. बाबा अजूनही मोटरकडेच बघत होता. "मग त्याला हात नको लावायला," त्या म्हणाल्या. "तिथे अगदी बरोबर आहे ते. आता तुझं बघू?"

भिंगरीने सशाला मांडीवर घेतलं आणि एवढा मोठा आ केला, की बाईंना पडजीभसुद्धा दिसली. काळा ठिपका म्हणजे नुसता डाग होता. बाईंनी तो फिरत्या ब्रशने घासला, भिंगरीला पाण्याने चूळ भरायला लावली आणि झालं म्हणून सांगितलं. भिंगरीने हूं की चूं केलं नाही. बाबाच्या कपाळावर मात्र घामाच्या धारा लागल्या होत्या. त्याने खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसला.

रुमाल पिवळा होता. त्यावर पांढरी फुलं होती.

"ती सशाची आहे," भिंगरी म्हणाली. बाबा चुकून, रुमाल समजून, असं काहीबाही बोलू लागला. "तू चोरलीस," ती म्हणाली, आणि तिने दवाखान्याच्या भिंती हलतील असं भोकाड पसरलं.

नेमका तेव्हाच फोन वाजला. आई रात्रपाळी करून झोपली होती ती गजर लावून उठली होती, केवळ विचारायला. भिंगरीचं रडणं तिच्यापर्यंत आधी पोचलं, बाबाचा आवाज नंतर. "काय केलं तिला? दात काढला का? तू शब्द दिला होतास मला," ती म्हणाली आणि तिलाही रडू फुटलं. दाताचं काही नाही, डॉक्टरांचं काही नाही, हे बाबा सांगत होता. पण मग कशाचं, हे त्याला सांगता येईना. शेवटी भिंगरीचे दात तरी दाखवावेत म्हणून त्याने व्हिडिओ लावला. तिनेही घाईत तिकडून लावला.

पडद्यावर आई दिसली. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि अंगात चौकड्यांचा जुना शर्ट.

भिंगरी रडायची थांबली. "आई, तो बाबाचा आहे," ती म्हणाली.

आईने खाली बघितलं आणि कॉलर मुठीत धरली. आता लपवून काही उपयोग नव्हता. मग आत्या पुढे आली. तिने फोनकडे नीट बघितलं आणि भावाकडे वळली. "आता म्हण, ताईने फडकं केलं म्हणून."

 बाबाने घडी करून पट्टी भिंगरीपुढे धरली. भिंगरीने ती घेतली. मग फोनमधल्या शर्टाकडे बघितलं, बाबाकडे बघितलं, आणि पट्टी परत त्याच्या खिशात कोंबली. "आई येईपर्यंतच," तिने बजावलं. "मग सशाला द्यायची."

डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटला बाहेरच थांबवलं होतं. बाबाला बायकोला खूप काही सांगायचं होतं. घर तिच्याशिवाय कसं वाटतं, हे तर आजवर एकदाही धड सांगितलं नव्हतं. पण आत्या होती, बाई होत्या. तो शर्टाकडे बघत राहिला. "त्याचं वरून दुसरं बटण सैल आहे," तो शेवटी म्हणाला. याच बटणावरून तिने त्याला वर्षभर बोलणी ऐकवली होती. "पडेल ते. टाका घालून घे."

"माहितीये," आई म्हणाली. "सुई-दोरा आहे माझ्याकडे. पण नाही घालणार."