मानगूट धरणारे फादर

पास्कल फादरांचा आशीर्वाद घ्यायचा, तर आधी मान कडक करावी लागते. डोक्यावर ठेवलेला हात आपोआप मानगुटीवर सरकतो आणि असा दाबला जातो, की भाविक गुडघ्यावर येतो. पुण्यातल्या त्यांच्या चर्चच्या म्हाताऱ्या म्हणे मानेला तेल चोळूनच जातात.

त्याला कारण आहे. पाद्री होण्याआधी हे गृहस्थ पुण्याच्या एका कॉलेजात पोरांना कुस्ती शिकवत. मूळचे वसईचे. रविवारी चर्च उरकलं, की एसटीनं आमच्या माले गावच्या तालमीत हजर. इथला वस्ताद मी. म्हणजे नावाला मी. पोरं ऐकायची त्यांचं, त्यांच्या 'सरां'चं.

माझ्या पोटात दुखायचं, उघड सांगतो. मी घसा फोडून ओरडावं, "मान सांबाळ रं," तर पोरं ढिम्म. तेच सरांनी हळू आवाजात म्हणावं, "मान सांभाळ बाळा, बाकीचं देव बघेल," की सगळ्या माना ताठ. दूध पिण्याआधी ते डोळे मिटून प्रार्थना करत, मग म्हशीचं नाव विचारून तिच्यासाठीही करत. म्हैस माझी, धार मी काढलेली, आणि गावभर कौतुक कुणाचं? आमची मंडळीही मला कोरडी भाकरी वाढायची, त्यांना तूप.

"पाव्हणं हायती," म्हणायची.

दर रविवारी येतो, तो कसला पाहुणा?

एकदा, फक्त एकदा, या माणसाला गावादेखत चीत करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. तसं बोलून दाखवलं, तर हसायचे. "यजमानाशी कसा लढू, वस्ताद?"

मग एकाएकी यायचे बंद झाले. पाद्री व्हायला गेले, असं कळलं. म्हटलं, सुटलो. पण पोरं मलाच विचारायची, "सर कवा येनार?" देवालासुद्धा हाच माणूस सापडावा, याचाही मला राग आला.

बऱ्याच वर्षांनी जत्रेला उगवले. अंगात पांढरा झगा. कुस्त्या संपत आल्या होत्या. त्यांच्या हाताखाली घोटून निघालेले गडीसुद्धा हात जोडून चार पावलं मागं सरले. सर थेट माझ्यापाशी आले.

"वस्ताद, धरता का जरा?"

झगा काढला, घडी करून पाटलांच्या मांडीवर ठेवला आणि मातीत उतरले. सगळं गाव गोळा झालं. मी लांग कसली. आज सोडत नव्हतो.

मानेला मान भिडली आणि गड्यानं जोरच लावला नाही. कपाळ माझ्या खांद्यावर टेकवून उभा राहिला. पाय सताड मोकळे. एक हिसका दिला असता, तर जन्माची हौस फिटली असती.

"धरून ठेवा," ते कानाशी पुटपुटले. "तिकडं सगळे पाया पडतात हो. जवळ कुणी घेत नाही."

कडेनं पोरं ओरडत होती, "वस्ताद, पट काडा की!"

"गप बसा रं," मी म्हणालो आणि त्यांना आणखी घट्ट धरलं.