नरोत्तमकाका बादली घेतात

मी लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात रजेच्या अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. वडील टेम्पो चालवतात, आई एका कंपनीत पॅकिंगला जाते आणि कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मीच. तेही इंजिनिअरिंगला, म्हणजे लिहिण्याशी संबंध बेताचाच. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते नरोत्तमकाका कुणी मोठे गृहस्थ नाहीत. पण परवा एका ज्युनियरने विचारलं, हॉस्टेलचं सामान कुठून घेतलंस? मी सांगायला लागलो, तर दुकानं बाजूलाच राहिली आणि काकाच बोलण्यात येत राहिले. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. चुकलं तर सांभाळून घ्या.

तर, नरोत्तमकाका बादलीवर बसल्याशिवाय बादली विकत घेत नाहीत.

बसतात म्हणजे नुसते टेकत नाहीत. दुकानातली बादली उलटी करतात, लेंगा सावरतात, चष्मा काढून खिशात ठेवतात आणि तिच्यावर अख्खे बसतात. मग गप्पा सुरू होतात. दुकानदाराचं गाव कोणतं, मुलगी कितवीत, गुडघे कसे आहेत. मनासारखं बोलून झालं की उठतात आणि बादलीला कुठे पोचा पडलाय का ते वाकून बघतात. म्हणतात, "हॉस्टेलात बादली आंघोळीपुरती नसते. खोलीत खुर्ची एक आणि मित्र चार. बसायचं कशावर?"

विरार पूर्वेला स्टेशनरोडवर एका प्लास्टिकवाल्याकडे बादली त्यांच्यासकट खाली बसली होती. दुकानदार भरपाई मागायला लागला. काका जमिनीवरूनच म्हणाले, "भरपाई कसली? परीक्षा तुझ्या बादलीची होती. नापास झाली." तेव्हापासून तो दुकानदार काकांना येताना बघून चांगली बादली आतून काढून ठेवतो, असं म्हणतात. मी गेलो तेव्हा खरंच आतून काढली.

काका विरारलाच, फुलपाड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. मूळचे वसईतल्या होळी गावचे. तिथे त्यांची वाडी होती, मोगरा, पानवेल, केळी. भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडी विकली गेली, आणि आपल्या वाट्यातून काकांनी फुलपाड्याला फ्लॅट घेतला. काकी गेल्या. एकुलता एक मुलगा हेमंत बंगळुरूला नोकरीला. तसे बरे चालले होते, पण एकदा न्हाणीघरात घसरून पडले आणि कुणाला कळायला दुपार झाली. तेव्हापासून दर रविवारी हेमंतचा फोन. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. हवा यावी म्हणून दार उघडं. त्यामुळे तो फोन आम्हा सगळ्यांनाच यायचा.

हेमंत म्हणायचा, बाबा, आता पुरे झालं, इकडे या. काका म्हणायचे, येतो रे, यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीला हॉस्टेलला लावायचंय, तेवढं होऊ दे. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी. बिल्डिंगमध्ये बाहेरगावी शिकायला जाणारं कुणी निघालं की त्याच्या सामानाची खरेदी काकांकडे, हे कधी ठरलं ते कुणालाच माहीत नाही. त्याला ते 'लावणं' म्हणायचे आणि आम्हाला 'रोप'. आणि फोन ठेवला की दाराशी जो कुणी असेल त्याला सांगायचे, "म्हातारं झाड उपटू नये. रुजत नाही."

मला सांगलीजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांचा विचार होता की एखाद्या मोठ्या दुकानात जाऊ, सगळं एका छताखाली मिळतं. काका जिन्यातून चढत आले आणि म्हणाले, तिथे बसू देत नाहीत. ते एकदा बसले होते. गणवेशातला माणूस येऊन 'सर, सर' करायला लागला. "सर म्हणतात आणि उठवतात," काका म्हणाले. वडिलांनी ऐकलं. आमच्या घरात हॉस्टेलमध्ये काय लागतं हेच कुणाला माहीत नव्हतं, तर वाद कशावर घालणार?

बादली पास झाली. मग कुलूप. ते काका कानाला लावून उघडबंद करतात. खळखळ वाजलं तर नको. मग गादी. गादीवाला नालासोपाऱ्याचा. काकांनी चपला काढल्या, गादीवर आडवे झाले, मलाही शेजारच्या गादीवर पडायला लावलं. गिऱ्हाइकं येत होती, आमच्याकडे बघत होती. मी छताकडे बघत पडून राहिलो. थोड्या वेळाने मी हळूच विचारलं, "काका, बरी आहे ना?" काका झोपले होते. घोरत होते.

मी घाईने उठवायला गेलो तर दुकानदाराने हात आडवा केला आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. म्हणाला, "राहू दे. दरवर्षी झोपतात. घरी झोप लागत नाही म्हणे त्यांना. इथे कशी गाड्यांच्या आवाजात लागते, बघ." मी गादीच्या काठावर बसून राहिलो. जाग आली तेव्हा काकांनी अजिबात न ओशाळता निकाल दिला, "ही घे. पाठीला समजते."

एवढं झाल्यावर दोरी राहिली. कपडे वाळत घालायची. दोरी विरारला पावलोपावली मिळते, पण काकांना ती होळीच्या बाजारातलीच हवी होती. एका दोरीसाठी आम्ही बस बदलत वसईत गेलो. दोरी घ्यायला फार वेळ लागला नाही. मग काका म्हणाले, चल जरा पाय मोकळे करू. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत शिरून ते एका फाटकाशी थांबले. आत कुणाचं तरी नवं दुमजली घर, फरशीचं अंगण, आणि कोपऱ्यात एक विहीर. विहिरीवर जाळी. मला समजलं. इथेच त्यांची वाडी होती.

फाटकाला हात न लावता काका सांगायला लागले. मोगऱ्याचं रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं तर मुळाशी जुन्या मातीचा गोळा तसाच राहू द्यायचा. नवशिका गडी ती झटकून, धुऊन, रोप स्वच्छ करून लावतो. चार दिवस हिरवं दिसतं, मग मान टाकतं. "म्हणून माझा नियम आहे," ते म्हणाले. "हॉस्टेलला सगळं नवं न्यायचं नाही. एक वस्तू घरातली, वापरातली."

मी विचारलं, हेमंतदादाने काय नेलं होतं?

"सगळं नवं," काका म्हणाले. "त्याची आई म्हणत होती, घरचं काहीतरी दे बरोबर. मी म्हटलं, माझा मुलगा जुनं नेणार नाही. तेव्हा मला जरा मिजास होती."

"पण तो तर रुजला की, काका."

"रुजला ना. चांगला रुजला. माती मात्र आमच्याकडेच राहिली." ते फाटकातून आत बघत होते. "तिचं काय करायचं असतं, ते कुणी सांगत नाही."

मग त्यांना बसची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी ते घरातली वस्तू निवडायला आमच्याकडे आले. आईने सकाळपासून घर आवरलं होतं. तिला वाटत होतं, आपल्याकडे निवडण्यासारखं आहे काय? काकांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, एक तांब्या उचलून ठेवून दिला, माझी जुनी चादर नाकाला लावली आणि नको म्हणाले. आणि जाताना दारात थांबले. खाली बघितलं.

"हे," ते म्हणाले.

ते आमचं पायपुसणं होतं. आईने आपल्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या विणून केलेलं, मळून मूळ रंग हरवलेलं. आईचा चेहरा उतरला. "काका, अहो, लोक काय म्हणतील? पायपुसणं देऊन पाठवलं पोराला."

"लोक पाय पुसतील," काका म्हणाले. "घरात शिरताना आधी कशावर पाय ठेवतो हा?"

आई म्हणाली, निदान धुऊन देते. त्यावर काका जवळजवळ रागावले. "धुऊ नकोस, शोभा. मग काय उपयोग?"

मला स्वतःला ते न्यायचं नव्हतं, हे कबूल करतो. बॅगेच्या अगदी तळाशी घातलं होतं. खोलीतल्या मुलांनी ते बघितलं आणि विचारलं, हे काय, हुंड्यात मिळालं का? पण हसून झाल्यावर सगळे त्यावरच पाय पुसून आत यायला लागले. खुर्ची खरंच एकच होती. बादलीवर बसायला रांग लागायची.

पहिल्या महिन्यात माझं काही खरं नव्हतं. वर्गात शिकवलेलं समजत नव्हतं, विचारायची लाज वाटायची आणि घरी सांगून काही उपयोग नव्हता. घरचे म्हणाले असते, तुला जमेल. एका संध्याकाळी मी बॅग भरली. एसटी स्टँडवर जायचं, बस. दार उघडलं तर समोर पायपुसणं. बाहेर जाताना कुणी पाय पुसत नाही. मी त्याच्यावर जरा वेळ उभा राहिलो. आमच्या दाराशी राहिलो असतो तसाच. मग वळून आत आलो, आणि आत येताना सवयीने पाय पुसले गेले. यात काही चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. पण बॅग रिकामी केली, एवढं खरं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा काकांना हे सांगायचं मनात होतं. पण त्यांनीच आधी विचारलं, "रुजलास?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं. नंतर आईकडून कळलं की यंदा बिल्डिंगमधून हॉस्टेलला जाणारं कुणीच नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला विरारमध्येच प्रवेश मिळाला होता. काकांनी तिला जिन्यात अडवून विचारलं म्हणे, अगं, लांबचं काही बघितलंस का? तिथेही चांगली कॉलेजं असतात. तिची आई अजून त्यावर नाराज आहे.

मी परत सांगलीला आलो आणि काही दिवसांनी आईचा फोन आला. हेमंतदादा स्वतः येऊन काकांना घेऊन गेला. काकांकडे सांगायला या वर्षी कुणी रोप नव्हतं. आई म्हणाली, गाडी खाली उभी, हेमंत सामान ठेवतोय, आणि काका जिना चढून वर आले. गुडघे धरत. मी म्हटलं, चहा टाकते. नको म्हणाले. खाली वाकले, आमच्या दारातलं पायपुसणं उचललं, घडी केली, काखेत घातलं.

मी पहिलं नेल्यावर आईने त्याच साड्यांच्या उरलेल्या पट्ट्यांचं दुसरं विणलं होतं, ते हे. आईने विचारलं होतं, काका, तुमच्या दारातलं आहे की. त्यावर ते म्हणाले, "माझ्या दारात कोण येतं? त्याला कसली माती?" आणि मग, "धुतलेलं नाही ना?"

"नाही," आई म्हणाली होती.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. रविवारचा फोन बंद झाला. आता तो करणारा आणि घेणारा एकाच घरात होते. आई मला विचारायची, कसे असतील रे? रुजतील का? दारात तिने अजून नवं पायपुसणं टाकलं नव्हतं. काकांचा फोन लागायचा नाही. लागला तर त्यांना ऐकू यायचं नाही, 'हॅलो, कोण' करून ठेवून द्यायचे. हेमंतदादाला फोन करावा असं वाटायचं, पण मी कोण, कुठला, काय म्हणून करू, असं होऊन राहून जायचं.

गेल्या आठवड्यात त्याचाच आला. जरा बिचकत बोलत होता. म्हणाला, "सागर ना? फुलपाड्याचा? एक विचारायचं होतं. बाबा हे तिकडेही करायचे का?"

मी म्हटलं, काय?

त्यांच्या शेजारी एक कुटुंब आहे. त्यांची मुलगी म्हैसूरला हॉस्टेलला जायची आहे. तिला मराठी येत नाही, बाबांना कन्नड येत नाही. तरी बाबा तिच्याबरोबर बाजारात गेले. तिथून हेमंतला मुलीच्या वडिलांचा फोन आला की तुमचे वडील दुकानात बादली उलटी करून तिच्यावर बसलेत आणि उठत नाहीत. दुकानदाराशी बोलतायत. तो कन्नडमध्ये, हे मराठीत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मी पोहोचेपर्यंत उठले होते. बादली घेतली." तो जरा थांबला. "आणि आज सकाळपासून शेजाऱ्यांच्या घरात फिरून काहीतरी जुनं शोधतायत. ते लोक बिचारे मागे मागे फिरतायत. मी त्यांना काय सांगू?"

काय सांगायचं ते मी त्याला सांगितलं. मग आईला फोन लावला. ती कंपनीतून नुकतीच आली होती. मी म्हटलं, आई, काका बंगळुरूला दुकानात जाऊन बादलीवर बसले.

आईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "चला. आता दारात दुसरं टाकायला हरकत नाही."