समुद्रावर पट्टा लावत नाहीत

यूलोच्या नातीचा बाप्तिस्मा झाला ते साल २०११. त्या हिवाळ्यात समुद्र असा घट्ट गोठला, की आमच्या हियुमा बेटापर्यंत बर्फावरून रस्ता खुला झाला.

"बोटीची वाट कोण बघतो? व्याह्यांना मी बर्फावरून आणतो. बाराच्या ठोक्याला!" यूलोने बायकोला फोनवर बजावलं.

"बाळाचं झबलं त्यांच्याकडे आहे. पाद्रीबाबा एकला निघणार. उशीर केलास तर तूही येऊ नकोस," हिल्या म्हणाली.

व्याही डेटलेफ जर्मनीचे. पस्तीस वर्षं लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेऊन निवृत्त झालेले. गाडी त्यांची, चालवणारही तेच! किनाऱ्यावर रखवालदाराने गाडी अडवली.

"सीटचा पट्टा काढा."

"काय?"

"बर्फ फुटला तर उडी मारता आली पाहिजे."

"अहो, पट्ट्यासाठी मी चार हजार जणांना नापास केलंय!"

"मग आज तुम्ही नापास. फिरा मागे."

वीस मिनिटं हुज्जत! शेवटी दाढ उपटून दिल्यासारखा त्यांनी पट्टा सोडला. गाडी लगेच पीं पीं बोंबलू लागली.

"व्याहीबुवा, पंचवीसच्या आत चालवा, नाहीतर चाळीसच्या वर," यूलो म्हणाला. "मधल्या वेगाला खाली लाट उठते."

"मग पंचवीसवरून चाळीसवर जायचं कसं?"

"पटकन!"

"पटकन म्हणजे नेमकं किती?"

त्यांनी काटा बावीसवर धरला. उणे बारा अंशात यूलोला घाम फुटला.

अर्ध्या वाटेवर दोन्ही किनारे दिसेनासे झाले. चहूकडे पांढरंशुभ्र. डेटलेफनी गाडी थांबवली आणि चक्क बंद केली!

"अहो, इथे थांबायचं नसतं!"

"श्श!"

पीं पीं थांबलं होतं. खालून आवाज आला. लांब, खोल, डोंगराएवढ्या कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा. डेटलेफनी टोपी काढली.

"यूलो, आपण समुद्रावर आहोत."

"ते मला—" यूलोने ओरडायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. चाळीस वर्षं तो या बर्फावरून जात होता. थांबला कधीच नव्हता.

तडाड! चाकाजवळून एक बारीक रेघ सरसरत गेली. पुढच्या क्षणी गाडी साठवर होती.

"हे असं पटकन!" यूलो किंचाळला.

बेटावर चढताच डेटलेफनी आधी पट्टा लावला. चर्च समोर दिसत होतं, तरीही! पाद्रीबाबा कोट चढवून दारात उभे. घाईत झबलं उलटं घातलं गेलं, पण बाप्तिस्मा झाला. हिल्या मात्र आठवडाभर यूलोशी बोलली नाही.

डेटलेफ २०२० च्या फेब्रुवारीत ल्यूबेकला वारले. त्या वर्षी समुद्र गोठलाच नाही. यूलो अंत्यविधीला बोटीने निघाला. बोटीच्या पोटात उभ्या गाडीतच तो सबंध वाट बसून होता, पट्टा लावून.