मागे माणूस हवं

आमच्या शरद भाऊजींनी सगळा जन्म हॅम्बर्गात बस चालवली. तीही साधी नव्हे, मधोमध पेटीच्या भात्यासारखी दुमडणारी जोडबस. आणि या माणसाला गाडी मागे घेता येत नाही. म्हणजे येते, पण मागे उभं राहून कोणी "येऊ द्या, येऊ द्या" म्हटल्याशिवाय येत नाही. गाडीला मागे कॅमेरा आहे, काही जवळ आलं की पीं पीं करणारं यंत्र आहे. भाऊजी दोन्हींकडे बघत नाहीत. म्हणतात, "मशीनचं काय खरं, वहिनी. मागे माणूस हवं."

माणूस म्हणजे मी. भाऊजी माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि गेलं वर्षभर मी या देशातल्या चिखलांत उभी राहून एका दिराला हाका मारते आहे.

कारण गेल्या वसंतात भाऊजींनी चाकांवरचं घर घेतलं. इथले लोक गाडीमागे आकड्याला अडकवतात, तसलं नाही. हे पुढून उंच असतं आणि पिकअप ट्रकच्या पाठीवर चढून बसतं. अमेरिकेकडचा प्रकार. त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. मी फेरी मारून चाकं मोजली, तर चारच. पाचवं कुठाय विचारलं, तेव्हा भाऊजींनी ट्रकच्या हौद्यातला काळा लोखंडी तवा दाखवला. त्याच्यावर घर टेकतं.

"हे चाक फिरतं का?" मी विचारलं.

"हे नाही फिरत. बाकी सगळं याच्या जिवावर फिरतं."

घर खरं तर रेणूला हवं होतं. रेणू म्हणजे माझी जाऊ, रेनाटे. एकदा प्रदर्शनात असल्या घरात शिरली ती बाहेर येईना. ओट्याचे सगळे खण उघडून पाहिले, बूट काढून पलंगावर आडवी झाली. भाऊजी म्हणाले, रिटायर झालो की घेऊ. ते रिटायर झाले, आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. "झालं की घेऊ" या बोलण्यावर माझा आधीपासूनच विश्वास नव्हता.

रेणूला मराठी फार येत नव्हतं. पण "येऊ द्या" मात्र ती माझ्याकडून शिकली होती. मी नवऱ्याला अहो म्हणायची, म्हणून तिनेही मानाचंच उचललं. पावसात पिवळा रेनकोट घालून ही गोरी बाई गाडीमागे उभी राहायची आणि गाडीच्या पाठीवर थापा मारत ओरडायची. शेवटी दोन जोरदार थापा, आणि "बास". शेजारच्या खिडक्या उघडायच्या. तिला काही वाटायचं नाही.

आता भाऊजींबरोबर प्रवास कसा असतो ते सांगते. मी बसून पट्टा लावला तरी ते आरशात बघून विचारतात, "सगळे बसले?" सगळे म्हणजे मी आणि पोह्यांचा डबा. वळण आलं की आधी मोठ्याने सांगतात. मुक्कामाला पोचलो की, "शेवटचा स्टॉप, कृपया सर्वांनी उतरावं." मग मी उतरते आणि मागे जाते.

एकदा समुद्राकाठी माझा गुडघा अडकला, मला उतरवेना. भाऊजींनी शेजारच्या तंबूतला हाफपँटवाला म्हातारा पकडला. तो बिचारा हाताने नीट खुणा करत होता. जर्मन माणसाला अशा कामाची आवडच असते. पण भाऊजी जागचे हलेनात. खाली उतरले, त्याला शब्द शिकवले, परत चढले. मग तो लालबुंद होऊन "येऊ ड्या, येऊ ड्या" ओरडू लागला आणि घर अलगद जागेवर गेलं. "गेनाऊ," भाऊजी म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. संध्याकाळी तो आपल्या बायकोलाही तेच म्हणत होता, चहाचा कप पुढे करून.

संध्याकाळी भाऊजी दोन खुर्च्या एल्ब नदीकडे तोंड करून मांडतात. एखादं मोठं जहाज जातं, भोंगा वाजतो, आणि ते विचारतात, "छान आहे ना?" मी म्हणते, थंडी आहे. प्रश्न मला नसतो, हे कळतं मला. पण उत्तर कोणीतरी द्यायला हवं.

त्यांचा मुलगा आनंद दूर हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला आहे. तो मराठी समजतो, बोलतो जर्मन. मला काकू म्हणतो तेवढंच. त्याने फोनवर धोशा लावला होता, की घर विकून टाका. स्वतःला मागे घेता येत नाही ती गाडी कशाला ठेवायची, काकूच्या वयाचा तरी विचार करा. शेवटी म्हणाला, मोसम सुरू झाला की मी येतो. एकट्याने मागे घेऊन दाखवा. जमलं तर ठेवा, नाहीतर विकायचं. भाऊजी फोनवर नुसतं जर्मनमधलं "या, या", म्हणजे हो हो, करत राहिले.

तो यायच्या आधीची गोष्ट. हिवाळ्यात घर एका शेतकऱ्याच्या कोठारात असतं. मी तिकडे बटाटे आणायला गेले होते, तर भाऊजी दुरुस्तीहून घर परत आणत होते. दोन ट्रॅक्टरांच्या मधे सुई जाईल एवढी जागा. मागे कोणी नाही. त्यांनी एका दमात ते धूड आत घातलं, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावून घ्यावं तसं, बिनआवाजाचं. मग उतरले, मागे गेले, आणि घराच्या पाठीवर स्वतःच्याच हाताने दोन थापा मारल्या.

मी बटाटे घेऊन, त्यांना न दिसता, दुसऱ्या वाटेने बस पकडायला गेले.

आनंद मे महिन्यात आला. नदीकाठचीच जागा. मला खुर्चीत बसवून म्हणाला, काकू, आज तुम्ही उठायचं नाही. भाऊजी ट्रकमध्ये चढले, इंजिन सुरू केलं, आणि तसेच बसून राहिले. आरशात त्यांचे डोळे मला दिसत होते. एकट्याने जमवलं, तर घर राहणार, पण मग मला आणायला निमित्त काय? नाही जमवलं, तर घरच जाणार. इंजिन नुसतं धडधडत होतं. आनंदने मान हलवली, बघा, म्हणालो होतो ना, अशी.

मी थर्मास खाली ठेवला, उठले आणि मागे गेले.

"काकू, नाइन," आनंद म्हणाला. "आलाइन." म्हणजे नाही, एकट्याने.

"त्यांना एकट्याने येतं," मी म्हटलं. "मी डोळ्यांनी बघितलंय."

मग तुम्ही कशाला उठलात, असं त्याने जर्मनमध्ये विचारलं. मला समजावत बसायचा कंटाळा आहे. मी म्हटलं, "मला ते डावीकडचं झाड दिसत नाही. तू तिथे उभा राहा."

तो उभा राहिला. मी थाप मारली. "येऊ द्या, येऊ द्या." घर हळूहळू मागे येऊ लागलं. माझं सगळं लक्ष उजवीकडच्या खांबाकडे होतं. झाडाच्या बाजूने एकदम दोन थापा ऐकू आल्या, जोरदार, एकामागून एक.

"बास," आनंद म्हणाला. त्याच्या आईसारखंच, स वर रेंगाळत.

घर थांबलं. इंजिन बंद झालं. भाऊजी काही उतरले नाहीत. आनंद ट्रकच्या दाराकडे निघाला, त्याला मी हाक मारून थर्मासचं झाकण शोधायला लावलं. झाकण माझ्या हातातच होतं.