काहीही लागत नाही

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं सर्वज्ञानं मॅनेजरबाईंना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हाच खरं तर त्याच्या हातातून कीबोर्ड काढून घ्यायला हवा होता. सर्वज्ञ हे ऑफिसनं त्याला ठेवलेलं नाव. त्याला त्यात कौतुक ऐकू यायचं.

कंपनीनं ग्राहकांसाठी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, बांधलं होतं. ते बसवण्याआधी संगणकावर काय काय लागतं, याची यादी सर्वज्ञानं लिहायची होती. मागच्या यादीत एक गोष्ट राहिली आणि ग्राहक आठ दिवस फोनवरून आग पाखडत होता. त्यामुळे बाईंनी बजावलं होतं, की यादी बिनचूक झाली तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

कुणाला विचारायला जाणं सर्वज्ञाला कमीपणाचं वाटे. त्यानं स्वतःचीच युक्ती काढली. संगणकावरची एकेक गोष्ट काढून टाकायची आणि लायब्ररी चालते का बघायचं. जिच्यावाचून अडेल, ती यादीत.

त्यानं कंपायलर, म्हणजे कोड संगणकाला समजेलसा करून देणारा प्रोग्रॅम, काढला. लायब्ररी चालली. कोड ज्या संगणकी भाषेत लिहिला होता तिची जुनी आवृत्ती काढली, तरी चालली. भीड चेपल्यावर नवीही काढली. पठ्ठी टुणटुणीत! एवढ्यात चित्रं काढणाऱ्या ताई आल्या, त्यांचा प्रोग्रॅम मध्येच मिटला होता. सर्वज्ञानं त्यांना संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा सल्ला दिला. मग चाचणीवाले काका आले. सकाळी पास झालेल्या त्यांच्या सगळ्या चाचण्या आता नापास होत होत्या. त्यांना त्यानं थोडं पाणी प्यायला सांगितलं.

दुपारपर्यंत तेवीस गोष्टी गेल्या. सर्वज्ञानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'पूर्वतयारी: काहीही लागत नाही.'

काका मात्र हलले नव्हते. त्यांनी पडद्यावरच्या, संगणकाला हुकूम टाइप करायच्या दोन काळ्या खिडक्यांकडे बोट दाखवलं.

"या दोन कशाला रे?"

"एकीत काढतो, दुसरीत चालवून बघतो."

"डावी तुझ्या संगणकाची. उजवी कुणाची?"

सर्वज्ञानं पडद्याला नाक लावून पाहिलं. उजवी खिडकी ऑफिसच्या सामायिक सर्व्हरची, म्हणजे सगळ्यांचं काम ज्या मोठ्या संगणकावर चालतं त्याची होती. तेवीसच्या तेवीस गोष्टी त्यानं सगळ्यांच्या सर्व्हरवरून उपटल्या होत्या आणि लायब्ररी चालवत होता स्वतःच्या संगणकावर.

काका शांतपणे खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "इतका कोरा संगणक पुन्हा मिळायचा नाही. आधी यावरच लायब्ररी बसवून बघ."

ती लगेच अडली. तिला हवं ते आणावं, तर त्यालाच आधी आणखी काही हवं असायचं. अडेल ते सर्वज्ञ घाम पुसत कागदावर उतरवत गेला. सहा वाजता लायब्ररी चालली, सर्व्हर उठून बसला आणि अकरा गोष्टींची अस्सल यादी तयार झाली.

बाईंनी ती दोनदा वाचली.

"यादी बिनचूक आहे," त्या म्हणाल्या. "आणि अर्धा दिवस सगळं ऑफिस हात बांधून बसलं होतं, तेही कळलंय. तुझं पत्र मी टाइप करून ठेवलंय. फक्त पत्रं छापायचा प्रोग्रॅम उघडत नाहीये. तेवढा दुरुस्त कर आणि पत्र छापून घेऊन जा."

पत्र नोकरी कायम झाल्याचं की नारळाचं, हे सर्वज्ञानं विचारलं नाही.

याला आता तीन आठवडे झाले. सर्वज्ञ रोज सर्वांच्या आधी येतो आणि संध्याकाळपर्यंत मान मोडून तोच प्रोग्रॅम दुरुस्त करत बसतो. बिघाड फार खोलवरचा आहे, असं तो सांगतो.